लाल तुरा दिसला की कोंबडा ठरवू नका

प्रश्न: परसात आठ पिल्लं आहेत. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवून काढलेली, आता सात आठवड्यांची. घरात कोंबडा एकच, तांबडा. कोंबड्यांपैकी एक राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांची, एक पायांवर पिसं असलेली, बाकीच्या तांबड्या-काळ्या मिसळ. पिल्लांपैकी तिघांचे तुरे लाल झाले आहेत. एक पट्टेरी पिल्लू सगळ्यांत शांत आहे, तुराही फिका, म्हणून ती मादी धरून चाललो आहे. एकाच्या पायांवर पिसं आहेत आणि त्याला तुरा जवळजवळ दिसतच नाही. एकानं सांगितलं, पाय धरून उलटं करा, मान वर उचलली तर नर. दुसऱ्यानं सांगितलं, पुढच्या वेळी टोकदार अंडी बसवू नका, त्यातून नरच निघतात. दुसरा कोंबडा ठेवायला जागा नाही. खात्रीनं कधी कळेल? आणि पुढच्या खेपेला आधीच ओळखण्याची काही सोय आहे का?

उत्तर: आधी पट्टेरी पिल्लाबद्दल, कारण आठांपैकी त्याच एकाचं उत्तर आजच देता येतं, आणि ते तुमच्या अंदाजाच्या नेमकं उलट आहे. तो नर आहे.

कारण असं. कोंबड्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. अंगावर आडवे पट्टे आणणारा जनुक झेडवर बसलेला असतो. आई आपलं झेड फक्त मुलग्यांना देते; मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळतं आणि झेड बापाकडून येतं. तुमचा कोंबडा तांबडा, बिनपट्ट्यांचा. म्हणजे त्याच्या मुलींना पट्टे मिळायला वाटच नाही. बाप बिनपट्ट्यांचा असताना पट्टेरी निघालेलं प्रत्येक पिल्लू हे पट्टेरी आईचा मुलगा असतं. ते शांत आहे, तुरा फिका आहे, या गोष्टी इथे गौण.

दोन गोष्टी मात्र तपासा. कोंबडा खरोखर बिनपट्ट्यांचा आहे का? तांबड्या पिसावर पट्टे फिकट, पिवळसर दिसतात आणि लांबून कळत नाहीत. मानेचं एखादं पीस उन्हात धरून बघा. दुसरं, अंडी गोळा केली त्याआधीच्या तीनेक आठवड्यांत दुसरा कोंबडा कळपात होता का? कोंबडीच्या पोटात नराचं बीज साधारण दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं, त्यामुळे निघून गेलेल्या कोंबड्याची पिल्लंही निघू शकतात. दोन्ही बाजूंनी शंका नसेल तर विषय संपला. पहिल्या एक-दोन दिवसांतले फोटो असतील तर उघडून बघा: काळ्या लवेच्या त्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका दिसेल.

इथे बरेच जण आणखी एका ठिकाणी फसतात. शुद्ध पट्टेरी जातीत नराकडे हा जनुक दुहेरी असतो, म्हणून पांढरे पट्टे रुंद आणि पक्षी एकूण फिका दिसतो. मादीकडे एकेरी, म्हणून ती गडद. तुमच्या पिल्लाला तो फक्त आईकडून, म्हणजे एकेरीच मिळाला आहे. तेव्हा ते शुद्ध जातीच्या मादीइतकंच गडद दिसणार. शुद्ध जातीच्या चित्रांशी ताडून बघितलंत तर हमखास ‘मादी’ म्हणाल.

आता लाल तुऱ्यांचे तिघे. सातव्या आठवड्याला भावंडांमध्ये ठळक लाल, उंच झालेला तुरा दिसला, आणि त्याबरोबर चोचीखालचे कल्लेही लाल होऊन लोंबायला लागले असतील, तर बहुधा नर. बहुधाच. एकपदरी, दातेरी तुऱ्याच्या हलक्या जातींत नराचा तुरा चौथ्या-पाचव्या आठवड्यापासूनच रंग धरतो. भारी अंगाच्या जातींत आठ-दहा आठवडेही जातात. मिसळ पिल्लांमध्ये कुणात कोणतं रक्त किती हे माहीत नसतं. हलक्या, मोठ्या तुऱ्याच्या जातीचा अंश असलेली मादी सातव्या आठवड्याला गुलाबी तुरा घेऊन फिरू शकते, आणि शेजारी उभा असलेला भारी जातीचा नर अजून पिवळट असू शकतो. शिवाय कळपात एक नर वरचढ झाला की दबलेल्या नराचा तुरा मागे पडतो. आजारी किंवा जंतांनी पोखरलेल्या पक्ष्याचा तुराही फिकाच राहतो.

तुरा बघायचा तो सकाळी, सावलीतल्या उजेडात, पिल्लं शांत असताना. पकडापकडी करून धापा टाकणाऱ्या पिल्लाचा तुरा लाल दिसणारच. पिवळ्या दिव्याखाली तर सगळेच लाल. आणि तुलना फक्त एकाच दिवशी फुटलेल्या भावंडांची करा. महिनाभर मोठ्या पिल्लाच्या शेजारी ठेवून काही ठरवू नका.

तुऱ्यावर एवढा अविश्वास का, तर तुरा आणि पिसं यांचे मालक वेगळे आहेत. तुरा वाढवतं ते नर संप्रेरक. नराच्या वृषणांतून ते लवकर सुरू होतं, म्हणून त्याचा तुरा आधी लाल. पण अंडी द्यायला आलेल्या तलंगेच्या, म्हणजे तरुण कोंबडीच्या, अंडाशयातही थोडं नर संप्रेरक तयार होतं आणि तिचाही तुरा सोळा ते वीस आठवड्यांच्या सुमारास भराभर वाढून लालभडक होतो. तोवर फिक्या तुऱ्याची असलेली पक्षीण अचानक लाल झाली की घरचे म्हणतात, ‘अरे, हा तर कोंबडा निघाला!’ आणि अंड्यावर आलेली तलंग देऊन टाकतात. या छंदातली ही सगळ्यांत महाग चूक.

पिसांचा हिशेब याच्या उलट आहे. कोंबडीची गोलसर, साधी पिसं अंडाशयातल्या स्त्री संप्रेरकामुळे येतात. ते नसेल तर पक्षी आपोआप कोंबड्याची लांब, टोकदार पिसं धरतो. म्हणूनच खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा आक्रसून फिका पडतो, पण झुपकेदार शेपटी आणि चमकती मान तशीच राहते. आणि म्हणूनच अंडाशय बिघडलेली म्हातारी कोंबडी पुढच्या पीसगळीनंतर कोंबड्यासारखी नटते, एखादी आरवतेही. त्यामुळे खात्रीचा निकाल पिसांकडून घ्यायचा. त्यासाठी थांबायला हवं: दहाव्या आठवड्यापासून चिन्हं दिसू लागतात आणि चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेक जातींत शंका उरत नाही.

बघायचं कसं ते नीट सांगतो. संध्याकाळी पिल्लं दांडीवर बसली की एकेक उचला. तेव्हा ती धडपडत नाहीत. पिल्लू काखेत असं धरा की डोकं तुमच्या मागच्या बाजूला आणि शेपटी पुढे. एका तळव्यानं पंख अंगाशी दाबून धरा, छातीवर दाब देऊ नका. पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावीच लागते, घट्ट आवळलं तर गुदमरतो. आता पाठीचा शेवटचा भाग, शेपटीच्या मुळाच्या जरा पुढे, दोन्ही कडांना बघा. पिसं बोटांनी बाजूला सारा. इथे नवी पिसं आधी सुईसारख्या कोंबांच्या रूपात येतात आणि जुन्या पिसांखाली लपलेली असतात. एक उमललेलं पीस न उपटता तळव्यावर सपाट पसरा आणि टॉर्च तिरपा धरा.

मादीचं पीस रुंद, टोकाला गोल, आणि कडेपर्यंत घट्ट विणलेलं असतं. बोट फिरवलं तरी कड अखंड राहते. नराचं पीस अरुंद, टोकाकडे निमुळतं होत जातं, आणि कडेला तंतू एकमेकांत न अडकता मोकळे सुटलेले असतात, साडीच्या पदराच्या दशांसारखे. त्या मोकळ्या कडेमुळेच पिसाला काचेसारखी चकाकी येते. पुरत्या पांढऱ्या किंवा पुरत्या काळ्या पक्ष्यातही ही कड ओळखता येते, रंगाची मदत लागत नाही. असं एकच पीस नक्की दिसलं तरी पुरे, तो नर. मानेवरची पिसंही अशीच बदलतात, पण मानेत मादीची पिसंही थोडी निमुळती असतात, म्हणून सुरुवात पाठीपासूनच करा. शेपटीतली कोयत्यासारखी वाकलेली पिसं याच्याही नंतर येतात.

दहाव्या आठवड्यापर्यंत दम धरवत नसेल तर रंगीत पिल्लांत एक खूण आधी मिळते: पंखाचा खांदा. मादीचा रंग अंगभर एकसारखा, आखल्यासारखा येतो. नराचा विस्कळीत येतो, आणि सहा ते दहा आठवड्यांत खांद्यावर तांबड्या किंवा सोनेरी रंगाचे तुटक डाग उमटतात. तुमच्या तिघा लाल-तुऱ्यांपैकी ज्याच्या खांद्यावर असा डाग असेल तो नर धरायला हरकत नाही.

आता पायांवर पिसं असलेलं पिल्लू. ब्रह्मा, कोचीन, सिल्की यांसारख्या पायांवर पिसं असलेल्या जाती सावकाश वाढतात, आणि त्यांच्या मिसळीतही तो सावकाशपणा उतरतो. ‘तुरा दिसत नाही’ म्हणता तो बहुधा वाटाणी तुरा असावा: डोक्याला चिकटलेल्या, समोरून मागे जाणाऱ्या तीन बुटक्या ओळी. ब्रह्मात हा असतो, असीलमध्येही असतो, आणि एकपदरी तुऱ्याच्या कोंबड्याशी संकर झाला तरी पिल्लांत बुटका तुराच वरचढ ठरतो. अशा तुऱ्यात उंची बघू नका, रुंदी बघा. तीनही ओळी जाड होऊन मधली ओळ उठून दिसू लागली आणि लाल झाली तर नर. मादीत मधली ओळ एका बारीक पिवळट रेघेएवढी राहते. या एका पिल्लाला मात्र चार-साडेचार महिने द्या. सिल्कीचा अंश असेल तर पाच-सहाही लागतील, कारण सिल्कीची पिसं मुळातच सुटी असतात आणि पाठीच्या पिसाची परीक्षा तिथे चालत नाही. तिथे डोक्यावरचा झुपका बघतात: मादीचा गोल, नराच्या झुपक्यातून मागे जाणारे लांब, टोकदार तंतू सुटतात.

अपवाद म्हणून सांगतो, सेब्राइटसारख्या काही मोजक्या जातींत नरही मादीसारखीच गोल पिसं घेऊन वाढतो. तुमच्या कळपात त्याचा संबंध दिसत नाही.

आता इतर खुणा झपाट्यानं. जाड पाय आणि ताठ उभं राहणं: नराकडे झुकतं, पण एकट्यानं काही ठरवत नाही. छाती भिडवून लढणं: माद्याही लढतात. पायामागचा काटा: लहानपणी दोघांनाही नुसतं टेंगूळ असतं, नराचाही काटा खरा वाढतो तो सहा-सात महिन्यांनंतर, आणि काही माद्यांनाही येतो. आरवणं: घोगरा, मधेच तुटणारा प्रयत्न काही नर पाचव्या-सहाव्या आठवड्यालाही करतात, बहुतेक चार-पाच महिन्यांचे झाल्यावर. लहान वयात आरवलेला नर समजा. न आरवलेला मात्र मादी समजू नका, वरचढ कोंबड्यासमोर बाकीचे नर गप्प बसतात. तुमच्याकडे मोठा कोंबडा आहेच, तेव्हा ही शांतता बराच काळ टिकेल.

पाय धरून उलटं करण्याची युक्ती सोडून द्या. उलटं धरलेलं कोणतंही पिल्लू तोल सावरायला मान उचलतं. दमलेलं असेल तर लोंबकळतं. दोरीला अंगठी बांधून पिल्लावर धरणं हाही त्यातलाच प्रकार. नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असल्यामुळे अशी कुठलीही युक्ती निम्म्या वेळा खरी ठरते, आणि लक्षात राहतात त्या तेवढ्याच वेळा. अंड्याच्या टोकाचा समज तर फार जुना. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला यानं लांबट, टोकदार अंड्यांतून नर निघतात असं लिहून ठेवलं आहे. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजातच, कवच तयार होण्याच्या आधी ठरलेलं असतं, आणि कवचाचा आकार अंडनलिका ठरवते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. फार टोकदार किंवा वेडीवाकडी अंडी बसवू नयेत हे खरं, पण ते उबवण नीट व्हावी म्हणून.

पुढच्या खेपेची सोय मात्र तुमच्या घरातच आहे. बिनपट्ट्यांचा तांबडा कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड नर आणि बार्ड प्लायमाउथ रॉक मादी, ही पहिल्या दिवशी पिल्लं ओळखण्याची जगभर वापरली जाणारी जोडी आहे. फक्त पट्टेरी कोंबडीचीच अंडी वेगळी काढून बसवा. पिल्लं पुरती वाळली की उजेडात डोकी बघा. काळी लव आणि डोक्याच्या मागच्या भागावर पांढरा ठिपका असेल तर नर. डोकं काळंच असेल तर मादी. ओली असताना बघू नका, ठिपका दबलेला असतो. चोचीभोवतीचा किंवा पोटाखालचा पांढरटपणा मोजायचा नाही, तो दोघांनाही असतो.

हे दोन ठिकाणी बिघडतं. जोडी उलटी केली, म्हणजे नर पट्टेरी आणि मादी तांबडी, तर सगळीच पिल्लं ठिपक्याची निघतात. आणि या संकरित पिल्लांची पुढची पिढी काढली तर खूण निरुपयोगी होते, कारण आता बाप स्वतःच एकेरी पट्ट्यांचा असतो आणि मुलींनाही पट्टे देतो. दर वेळी मूळ जोडीच लागते. पांढरा कोंबडाही चालत नाही. पांढरा रंग खालचे पट्टे झाकून टाकतो, आणि पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या अंगात तर ते बहुधा लपलेले असतातच.

दुसरी जोडी सोनेरी-रुपेरी रंगाची. तांबडा नर आणि लाइट ससेक्ससारखी रुपेरी रंगाची मादी: नर पिल्लं फिकी पिवळी, मादी पिल्लं तांबूस तपकिरी. तत्त्व तेच.

पंखाची पिसं बघून पहिल्या दिवशी ओळखतात, हेही तुमच्या कानावर येईल. पंख पसरला की पिसांच्या कोंबांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर. पण हे फक्त बाप लवकर पिसं फुटणारा आणि आई उशिरा पिसं फुटणारी अशी मुद्दाम जोडी लावलेल्या पिल्लांत खरं ठरतं, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांतच. परसातल्या मिसळ पिल्लांत ते काही सांगत नाही. मागचं द्वार उघडून आतला बारीक उंचवटा बघण्याची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी विकसित केली. १९३३ साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. कसलेले लोक त्यात शंभरात पंचाण्णवच्या वर बरोबर येतात, पण त्यासाठी दीर्घ सराव लागतो. अननुभवी हातानं पिल्लाच्या पोटातली न जिरलेली बलकाची पिशवी दाबली गेली तर पिल्लू जातं. घरी करू नका. अगदीच निकड असेल तर पिसाच्या मुळाची किंवा रक्ताच्या थेंबाची डीएनए तपासणी कोणत्याही वयात उत्तर देते.

आज लगेच करायचं ते एवढं. आठही पिल्लांच्या पायांत वेगवेगळ्या रंगाच्या गोल कड्या घाला आणि वहीत प्रत्येकापुढे चार रकाने आखा: तुरा, कल्ले, खांद्याचा रंग, पाठीचं पीस. दर आठवड्याला एकाच वारी नोंद करा आणि बाजूनं एक फोटो घ्या. कडी पायावर सहज फिरली पाहिजे. पिल्लांचे पाय या वयात भराभर जाड होतात, आणि विसरलेली कडी कातडीत रुतून पाय जातो. नोंदीच्या दिवशी कडी फिरवून बघणं चुकवू नका.

ज्यांचं ठरेल त्यांना बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान हलवा, कारण त्यानंतर नर एकमेकांना आणि तलंगांना त्रास द्यायला लागतात. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्या लागतात. अंड्यांसाठी म्हणाल तर कोंबडा लागतच नाही. तो हवा फक्त पिल्लं काढायची असतील तर.

ज्या एक-दोघींबद्दल शेवटपर्यंत शंका राहील, त्यांना अठराव्या आठवड्यानंतर पाठीवर हात ठेवून बघा. अंड्यावर आलेली तलंग पंख जरा पसरून खाली दबते, नर तसं करत नाही. मागच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडंही चाचपा: एरवी त्यांच्यात जेमतेम एक बोट मावतं, अंडं जवळ आलं की दोन-तीन बोटं मावतात.

तोवर सगळ्यांना वाढीचंच खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढीच्या खाद्यात साधारण एक टक्का. ते जास्तीचं कॅल्शियम नरांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना महिनोन्‌महिने मिळालं तर त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. पहिलं अंडं दिसलं की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज आहे ती तो स्वतःच खाते.